बाहेरच्या खोलीतून आलेला आकडा

वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली, त्याच आठवड्यात तिने आमच्या टाकीतलं पाणी एका बाटलीत भरलं, बाटलीवर तारीख घातली आणि कामावर घेऊन गेली. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ती केमिस्ट होती. रिपोर्ट आला तसा तिने तो फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावला. पाणी पिण्याजोगं नव्हतं.

टाकी बाबा स्वतः धुवायचे. ती कशी धुवावी हे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, अगदी वीजमीटर बघायला येणाऱ्यालाही.

"तुमचं यंत्र बिघडलं असेल," बाबा म्हणाले.

"दोनदा केलं, बाबा."

"बाटली नीट धुतली होतीस?"

"उकळून घेतली होती. टाकी उकळता येत नाही."

आई हसू दाबायला स्वयंपाकघरात पळाली. सुट्टीच्या दिवशी मात्र बाबा ब्रश घेऊन टाकीत उतरले, कोपरे खरवडले, बाहेर आले तेव्हा गुडघे सोललेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनीच बाटली भरली आणि नव्या सुनेच्या हातात दिली. "घे. आता बघ." यावेळचा रिपोर्ट चांगला आला. तो पिवळा पडेपर्यंत फ्रिजवर होता.

वहिनी कशी आहे हे कुणी विचारलं तर मी हीच गोष्ट सांगतो. दिसेल ते लिहायचं, आणि लिहिलेलं सगळ्यांना दिसेल असं लावायचं. त्यात राग नाही, तोरा नाही. चेहरा अगदी निर्मळ. मला ती 'भाऊजी' म्हणते आणि 'अहो-जाहो' करते, तेही अशा सुरात की ऐकणाऱ्याला मी एखादा मोठा अधिकारी वाटावा. मी सॉफ्टवेअर तपासणारा साधा इंजिनिअर आहे आणि वहिनीपेक्षा सहा वर्षांनी लहान आहे. शिवाय ती नकला करते. शेजारच्या काकू जिना चढताना कशा थांबतात, दादा फोनवर साहेबांशी बोलताना कसा उभा राहतो, सगळं तिला येतं. दादा लिफ्ट बसवायच्या कामावर गावोगाव फिरतीवर असतो. घरी कमी आणि वहिनीच्या नकलेतच जास्त भेटतो.

बाबांचं आता सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवती फिरतं. बाबा पंप बनवणाऱ्या कंपनीत टेस्टिंगला होते. प्रत्येक पंप बाहेर पडण्याआधी पाणी सोडून चालवायचा आणि पास-नापास ठरवायचं, हे त्यांचं काम. मापं घ्यायला मीटर होते, तरी बाबा पंपावर तळवा ठेवून डोळे मिटायचे. ही सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. आमचं वॉशिंग मशिन सुरू झालं की ते जाऊन त्याच्यावर हात ठेवतात. बाहेरच्या खोलीतलं घड्याळ कंपनीचं, छत्री कंपनीची, बाबांचा चहाचा मोठा कप कंपनीचा. कपाटावर पंपाची पितळी प्रतिकृती आहे, निवृत्तीच्या दिवशी मिळालेली. कंपनीने जुन्या कामगारांना थोडे शेअरही दिले होते. बाबांनी ते कधी विकले नाहीत. विकायचे असतात हे त्यांच्या डोक्यातच आलं नसावं.

वहिनीची प्रयोगशाळा दुसऱ्या शहरात हलली तेव्हा तिने नोकरी सोडली. पण हातावर हात धरून बसणारी ती नव्हे. त्याआधीची काही वर्षं ती पहाटे उठून वित्ताच्या परीक्षा देत होती. शेअर बाजारातल्या कंपन्यांचा अभ्यास करून कुठला शेअर घ्यावा, कुठला विकावा, हे लिहून देणारी माणसं असतात, तसं काम तिला करायचं होतं. आईला हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे पाण्यासारखंच. पास का नापास." वहिनीने आईला मिठीच मारली.

त्या काळात पहाटेचा चहा बाबा करायचे. कुणी सांगितलं नव्हतं. ती टेबलाशी वाचत बसलेली असायची, बाबा तिच्यासमोर कप ठेवायचे आणि आपला कप घेऊन गुपचूप बसायचे. कधी तिच्या पुस्तकातला प्रश्न मोठ्याने वाचून दाखवायचे, इंग्रजी शब्दांचे पार हातपाय मोडून. ती उत्तर द्यायची. बाबा पान उलटून पाठीमागचं उत्तर बघायचे आणि मान हलवायचे. त्यातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण वहिनी नापास झाली ती एकमेव परीक्षा बाबांनाच जास्त लागली होती.

मग एका कंपनीत ज्युनिअर अ‍ॅनालिस्टची जागा निघाली. कारखाने आणि यंत्रं यांच्या कंपन्यांचा अभ्यास करायला त्यांना विज्ञान शिकलेलं माणूस हवं होतं. फोनवरची पहिली मुलाखत पार पडली. दुसरी समोरासमोर होती. तिची अट अशी: बाजारातली कुठलीही एक कंपनी निवडा, तिचं गणित मांडा आणि आमच्यासमोर उभं राहून सांगा, शेअर घ्यायचा, विकायचा की नुसता धरून ठेवायचा. वय, मधली बंद पडलेली नोकरी, हे सगळं बघता अशी संधी परत येणार नाही, हे वहिनीला ठाऊक होतं. ती तसं बोलायची नाही, पण त्या आठवड्यात तिने एकही नक्कल केली नाही.

कंपनी निवडताना तिने फार विचार केला नाही. इकडे घड्याळ, तिकडे छत्री. बाबांच्या पंपांच्या कंपनीचं नाव कळवून टाकलं.

बाबांना हे समजलं तेव्हा ते आत जाऊन भांग पाडून आले.

"काय हो, मुलाखत तुमची आहे का?" आईने विचारलं.

"कंपनीची आहे," बाबा म्हणाले.

त्यानंतर दर संध्याकाळी बाहेरच्या खोलीतून हाक यायची, "मग, काय निघालं?" आणि वहिनी आतून म्हणायची, "बघतेय अजून, बाबा." इमारतीखाली एक बाक आहे. तिथे बाबांचे जुने सोबती बसतात, सगळे त्याच कारखान्यातले. त्यांना बाबांनी सांगूनही टाकलं की आमची सून मोठमोठ्या लोकांसमोर आपल्या कंपनीची शिफारस करणार आहे. एक जण जिन्यात भेटला तर वहिनीला म्हणाला, "चांगलं सांग हं पोरी. सगळ्यांचं भलं होईल."

गणित मांडण्याची रीत अशी: पुढच्या वर्षांत विक्री किती वाढेल, खर्च किती होईल, शेवटी काय उरेल, हे संगणकावर एकाखाली एक मांडत जायचं. त्यातून शेअरची रास्त किंमत काढायची. बाजारात तो त्याहून स्वस्त मिळत असेल तर घ्या, महाग असेल तर विका. जे आकडे आपण अंदाजाने घालतो ते निळ्या रंगात ठेवायचे आणि हिशेबातून आपोआप येतात ते काळ्या. म्हणजे बघणाऱ्याला कळतं, यात तुमच्या मनाचं किती आहे.

मुलाखतीच्या चार-पाच दिवस आधी वहिनीने ती फाईल मला दिली. "भाऊजी, तुमचा धंदाच दुसऱ्याच्या चुका काढायचा. बघा काही सापडतं का."

माझी तपासायची पद्धत साधी आहे. एकेक गोष्ट थोडी हलवून बघायची आणि काय कोसळतं ते पाहायचं. मी निळे आकडे हलवत गेलो. फारसं काही हललं नाही. मग विक्रीच्या वाढीचा आकडा आला. नऊ टक्के. गेल्या काही वर्षांची खरी वाढ त्याच्याच वर लिहिलेली होती, चारच्या आसपास. मी नऊच्या जागी चार घातले. सगळ्यात खाली 'घ्या' लिहिलं होतं, ते 'विका' झालं.

मी परत नऊ घातले. 'घ्या.' चार. 'विका.'

"वहिनी, हे नऊ कुठून आलं?"

ती कोथिंबीर निवडत होती. तिने आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग दाराकडे. पलीकडे बाबा टीव्हीवरच्या बातम्यांना उत्तरं देत होते.

"बाहेरच्या खोलीतून," ती म्हणाली.

आम्ही दोघं हसलो. मग तिचं हसू थांबलं आणि तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"प्रयोगशाळेत कुणी रीडिंग बदललं असतं ना, तर मी त्याच्याशी जन्मात बोलले नसते. आणि इथे मीच बदलून बसलेय."

"मग चार करून टाका. सोपं आहे."

"टाकीच्या वेळी सोपं होतं," ती म्हणाली. "तेव्हा मी नवी होते. बाबा माझे कोण होते?"

दुसरी कंपनी घ्यावी तर नाव कळवून झालं होतं. आणि नऊ तसेच ठेवले तर समोरची माणसं माझ्यासारखीच तिथे बोट ठेवणार होती. मला जे दहा मिनिटांत दिसलं ते त्यांना एका मिनिटात दिसलं असतं. तिने जुडी परत उचलली, एकही पान न तोडता तशीच धरून बसली, मग उठून माझ्यासमोरच नऊचे चार केले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या चहाला तिने बाबांना सांगितलं. मी पलीकडे अंथरुणात जागा होतो. भिंत पातळ आहे.

"बाबा, तुमच्या कंपनीचा शेअर विकावा असं मी सांगणार आहे."

खुर्ची करकरली.

"का? पंप खराब आहे?"

"नाही. चांगला आहे. फार चांगला आहे. तीच तर अडचण आहे."

"चांगला आहे ही अडचण? कुठल्या शाळेत शिकवतात गं हे?"

"ऐका ना. दुसऱ्या कंपन्यांचा पंप बिघडतो, मग त्यांचे सुटे भाग खपतात, दुरुस्ती खपते, चार-पाच वर्षांनी नवा पंप खपतो. तुमचा पंप एकदा घेतला की गिऱ्हाईक वीस वर्षं तोंड दाखवत नाही. नवी गिऱ्हाइकं येतात, पण हळूहळू. नवा कारखाना बांधलाय, तो अर्धा रिकामा आहे. आणि शेअरचा भाव असा आहे, जणू उद्या सगळं जग पंप घ्यायला धावणार. कंपनी चांगली आहे, बाबा. भाव जास्त आहे."

"म्हणजे आम्ही वाईट बनवायला हवे होते."

"मी असं कुठे म्हटलं?"

"नाही, बरोबर आहे तुझं. मला काय कळतंय. मी पंपाला हात लावून बघणारा माणूस." कप टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. चपलांचा आवाज आला. दार बंद झालं.

त्यानंतरच्या पहाटे बाबा उठले नाहीत. वहिनीने स्वतःच चहा केला, त्यांच्या खाटेजवळच्या स्टुलावर त्यांचा कप नेऊन ठेवला. बाबांनी तो प्यायला, पण पार गार झाल्यावर. 'काय निघालं' ही हाक बंद झाली. बाबा खाली बाकावर जाईनात. आई दोघांच्या मध्ये येरझाऱ्या घालायची आणि म्हणायची, "एका पंपापायी घरातलं पाणी तोडलंत रे दोघांनी."

इकडे वहिनीच्या तयारीचा बोऱ्या वाजला. आम्ही स्वयंपाकघरात सराव करायचो. मी ओट्याला टेकून मुलाखत घेणारा, ती फ्रिजसमोर उभी. सुरुवात झकास व्हायची. 'विका' या शब्दापाशी आली की आवाज बसायचा, नजर दाराकडे जायची. दादा फोनवरून ऐकत होता. तो म्हणाला, "मोठ्याने बोल ना. बाबांना ऐकू जाईल म्हणून हळू बोलतेस काय?"

"हो," वहिनी म्हणाली.

"मग मुलाखतीला काय बाबा असणार आहेत?"

"मला तिथेही दिसणार," ती म्हणाली, आणि नाक ओढलं. तिला रडताना मी पाहिलेलं नाही. त्या दिवशीही म्हणायला सर्दीच होती.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा सुरुवात केली. ती 'विका'पाशी आली आणि पुटपुटली. तेवढ्यात दार उघडलं.

दारात बाबा उभे होते, अंगात कंपनीचा निळा कोट. पोटावरची दोन बटणं लागत नव्हती.

"हे कुठून काढलंत?" आई ओरडली. "डांबराच्या गोळ्यांचा वास सुटलाय घरभर!"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मला खांद्याला धरून बाजूला केलं, खुर्ची ओढली आणि वहिनीसमोर बसले. "मी कंपनी. बोल आता, तोंडावर बोल."

"बाबा..."

"बाहेर ऐकू येतंय तुझं पुटपुटणं. टाकीच्या वेळी अशी पुटपुटली होतीस का?"

वहिनीने केस मागे बांधले, आणि पहिल्यापासून सुरू केलं.

पुढचे दोन तास आमच्या स्वयंपाकघरात जे चाललं त्याला मुलाखत म्हणता येणार नाही. बाबा मध्येच तोडायचे. ती महत्त्वाचं बोलत असताना घड्याळ बघायचे. एकदा तर फोन आल्याचं नाटक करून उठून गेले आणि परत येऊन म्हणाले, "पहिल्यापासून सांग, माझं लक्ष नव्हतं."

"वीस वर्षं पंप चालला म्हटल्यावर माणूस पुढचाही आमचाच घेणार!"

"घेणार ना. वीस वर्षांनी."

"नवा कारखाना काय उगाच बांधला?"

"अर्धा रिकामा आहे."

"भरेल."

"कधी?"

"भरेल म्हणतो ना!"

"मग भरला की मी 'घ्या' म्हणेन. तोवर 'विका'."

तिने तो शब्द एवढ्या खणखणीत आवाजात म्हटला की आईच्या हातून झाकण निसटलं. बाबा तांबडेलाल झाले. त्यांनी टेबलावर तळवा ठेवला, पंपावर ठेवायचे तसा, आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "ज्या वस्तूवर लोकांचा विश्वास असतो, तिची किंमत तुझ्या त्या निळ्या आकड्यात मावत नाही."

"थोडी मावते," वहिनी म्हणाली. "मी घातलीय. ती घालूनच चार आलेत."

बाबा एकही फेरी जिंकले नाहीत आणि एकदाही हरलो म्हणाले नाहीत. शेवटी घामाघूम होऊन त्यांनी कोट काढला.

"मला पटलेलं नाही," ते म्हणाले.

"नका पटवून घेऊ," वहिनी म्हणाली. दोघांनी एकाच ताटलीतली बिस्किटं खाल्ली, एकमेकांकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी पहाटे टेबलावर चहा होता.

मुलाखतीहून ती परतली ती दुपारी. पायातले बूट काढायच्या आधीच आई म्हणाली, "काय झालं?" वहिनीने पर्स खुर्चीवर टाकली आणि तिथेच, दारात, नक्कल सुरू केली. मला तेवढ्यानेच हायसं वाटलं. तीन माणसं होती. एक सतत पेनचं बटण टकटक वाजवणारा, एक गोळ्या चघळणारा, आणि मध्ये चष्मा डोक्यावर चढवलेल्या बाई. वहिनीने तिघांनाही आमच्यासमोर उभं केलं.

"आधी मी सांगून टाकलं की सासरे त्या कंपनीत होते आणि त्यांच्याकडे थोडे शेअर आहेत. असं काही असलं तर आधीच सांगायचं असतं. मग पेनवाल्याने तोच आकडा धरला. म्हणाला, चारच का? म्हटलं, पहिल्यांदा मी नऊ घातले होते, ते चुकीच्या कारणाने घातले होते. त्याने टकटक थांबवली."

"हे सांगितलंत?" मी विचारलं.

"विचारलं तर काय खोटं सांगू? मग बाई म्हणाल्या, या मताशी सगळ्यात जास्त कोण भांडेल? मी म्हणणार होते, कंपनीचे संचालक वगैरे. तोंडातून निघालं, माझे सासरे."

बाबा बाहेरच्या खोलीत बसले होते. टीव्हीचा आवाज कमी झाला.

"हसले सगळे. बाई म्हणाल्या, काय म्हणतील ते? मग मी त्यांचं सगळं सांगितलं. विश्वासाचं, पुढच्या गिऱ्हाइकाचं, कारखाना भरेल त्याचं. काहीही कापलं नाही. टेबलावर असा हातसुद्धा ठेवला. गोळीवाला म्हणाला, इतकं चांगलं मांडलंत, मग तुम्हालाच कसं पटलं नाही? म्हटलं, बाजू खरी आहे. भाव खरा नाही."

चार दिवसांनी फोन आला. वहिनी खिडकीशी उभी राहून "हो... हो... चालेल" एवढंच म्हणत होती. फोन ठेवून तिने आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "पास." आई मटकन खाली बसली. मी ओरडलो. दादाला फोन लावला, तो कुठल्या तरी अर्ध्या लिफ्टमध्ये उभा होता आणि तिथून ओरडला.

बाबा दारात येऊन उभे राहिले. त्यांना काहीतरी विचारायचं होतं, आणि ते नोकरीबद्दल नव्हतं हे आम्हाला सगळ्यांनाच दिसत होतं.

"त्यांना सांगितलंस ना," ते म्हणाले, "की पंप बिघडत नाही?"

"पहिलं वाक्य तेच होतं, बाबा."

बाबांनी मान हलवली, पाठीमागचं उत्तर बघून हलवायचे तशी. मग भांग पाडून आले, खुंटीवरची छत्री घेतली. बाहेर ऊन होतं.

"कुठे निघालात?" आईने विचारलं.

"खाली. बाकावर सांगून येतो. पोरीला नोकरी लागली म्हणून."

"आणि ती मिळवायला काय बोलून आली, ते?"

बाबा उंबऱ्यात थबकले. वहिनीकडे वळून आवाज खाली आणत म्हणाले, "तेवढं मी सांगत नाही. त्या सगळ्यांकडेही शेअर आहेत."